अक्कलदाढेची शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे पाच गुण

आपल्या समाजात शिक्षणाविषयी जेवढी जागृती झाली आहे, तेवढी ती शरीराच्या आरोग्याविषयी अद्याप झालेली नाही, ही गोष्ट कोणीही मान्य करील. त्यातही दातांचे दुखणे म्हणजे दुखणेच नव्हे, अशी एक समजूत घरोघरी आढळते. ताप आला तर डॉक्टरकडे जाणारा माणूस दाढ ठणकू लागली की लवंग चावतो, औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणतो आणि कामावर जातो. ठणका थांबला की दुखणे संपले, असे तो समजतो. प्रत्यक्षात ते संपलेले नसते, नुसते दबलेले असते. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत अक्कलदाढ या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. अक्कलदाढ साधारणपणे वयाच्या १७ ते २५ या वर्षांत येते. म्हणजे बारावीची परीक्षा, पदवीचे शिक्षण, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास आणि पहिली नोकरी या सगळ्याच्या ऐन धामधुमीत ती त्रास देऊ लागते. आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे वय नेमके हेच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. बँकेत आकडेमोड करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु या शस्त्रक्रियेतून आम्ही स्वतः गेलो आहोत आणि नंतर त्याविषयी बरेच वाचले व जाणकारांना विचारलेही आहे. पुढील मजकूर हा माहितीसाठी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नव्हे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दाढ अडकते म्हणजे काय?

पूर्ण वाढ झालेल्या माणसाला ३२ दात असतात. जबड्याच्या चारही टोकांना अगदी शेवटी जी तिसरी मोठी दाढ येते, तिलाच आपण अक्कलदाढ म्हणतो. जाणतेपणाच्या वयात येते म्हणून हे नाव पडले. काही लोकांना एक, दोन किंवा चारही अक्कलदाढा मुळातच नसतात आणि त्यात वैगुण्य असे काही नाही.

ही दाढ सर्वांत उशिरा येत असल्यामुळे तोपर्यंत जबड्यातील जागा आधीच्या दातांनी व्यापलेली असते. शिजवलेले मऊ अन्न खाण्याची सवय माणसाला लागल्यापासून त्याचा जबडा हळूहळू लहान होत गेला, असे शास्त्रज्ञ सांगतात. दाढ मात्र तेवढीच राहिली. भरलेल्या बाकावर आणखी एकाने बसायला यावे तसा हा प्रकार आहे. जागा मिळाली नाही की दाढ हाडात किंवा हिरडीखाली अडकून पडते. खालच्या जबड्यात हे प्रमाण अधिक असते.

अडकलेली दाढ कोणत्या दिशेला झुकली आहे, यावरून तिचे चार मुख्य प्रकार मानले जातात. पुढच्या दाढेकडे तिरपी झुकलेली, मागे झुकलेली, सरळ उभी पण हाडात अडकलेली आणि पूर्णपणे आडवी झालेली. जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतवैद्याने १९२६ साली केलेली ही वर्गवारी आजही वापरली जाते. पुढे झुकलेली दाढ सर्वांत जास्त आढळते. मागे झुकलेली दाढ क्ष-किरण चित्रात सोपी वाटते, परंतु काढायला सहसा तीच अवघड जाते, कारण तिला बाहेर येण्याची वाट जबड्याच्या उभ्या हाडाने अडवलेली असते.

त्रास कसा सुरू होतो?

दाढ अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली राहिली, की तिच्यावर हिरडीचा एक पडदा लोंबतो. त्या पडद्याखाली भाताचे शीत, भाकरीचा कण अडकतो. ब्रश तेथे पोचत नाही. मग अन्न कुजते, जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि वरची दाढ त्याच सुजेवर आदळू लागते. गिळताना दुखते, तोंडाला वास येतो, तोंड पूर्ण उघडत नाही, कधी तापही येतो. औषधाने हे चार दिवसांत शमते आणि महिना दोन महिन्यांनी पुन्हा उद्भवते.

दुसरा त्रास अधिक गुपचूप होतो. तिरपी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकून राहते आणि दोहोंच्या फटीत कीड लागते. वेळीच लक्ष दिले नाही तर एका निरुपयोगी दाढेपायी चावण्याच्या कामाची पक्की दाढही गमवावी लागते. क्वचित अडकलेल्या दाढेभोवती पाण्याची पिशवी तयार होऊन ती जबड्याचे हाड पोखरते.

सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे जंतुसंसर्ग जबड्याखाली आणि गळ्यात उतरणे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज येणे, जीभ वर उचलली जाणे, थुंकी गिळता न येणे आणि श्वासाला अडथळा होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे. दाढेच्या दुखण्याने माणूस दगावतो हे ऐकून कोणी हसेल, परंतु श्वासनलिका दाबली गेली तर तसे घडू शकते.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. तोंड उघडत नाही याचे कारण दर वेळी अक्कलदाढच असते असे नाही. खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. हा वेगळा आजार असून त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण ती पुडी अजूनही कोणाच्या ना कोणाच्या खिशात असतेच. पूर्ण तोंड उघडल्यावर आपलीच तीन बोटे उभी आत जात नसतील, तर अक्कलदाढेच्या नावाखाली दिवस न काढता तपासणी करून घ्यावी.

काढावी की ठेवावी?

अडकलेली प्रत्येक दाढ काढलीच पाहिजे असे नाही. पूर्वी अनेक देशांत तरुणपणीच सर्व अक्कलदाढा काढून टाकण्याची पद्धत होती. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० साली असे मार्गदर्शन केले की, ज्या दाढेला काहीही रोग नाही ती केवळ अडकलेली आहे म्हणून काढू नये. याउलट वारंवार सूज येणे, भरून न निघणारी कीड, शेजारच्या दाढेचे नुकसान, पू किंवा पाण्याची पिशवी होणे ही दाढ काढण्याची योग्य कारणे होत. त्रास नसलेल्या दाढेवर अधूनमधून लक्ष ठेवावे.

निर्णय घेण्यापूर्वी संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र काढतात. त्याला ओपीजी म्हणतात. त्यात दाढेची दिशा, मुळांचा आकार आणि विशेषतः खालच्या जबड्यातील नसेपासूनचे अंतर दिसते. ही नस हाडातील एका नळीतून जाते आणि खालचे दात, खालचा ओठ व हनुवटी यांची स्पर्शसंवेदना वाहून नेते. मुळे तिच्या फार जवळ असतील तर डॉक्टर त्रिमिती स्कॅन सांगतात. काही वेळा नस वाचवण्यासाठी दाढेचा वरचा भाग काढून मुळे जाणीवपूर्वक तशीच ठेवली जातात. जिभेला संवेदना देणारी दुसरी एक नसही आतल्या बाजूने जवळून जाते. शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील काही रुग्णांना ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहते. कायमचे बधिरपण शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येते. धोका लहान आहे, परंतु तो आहे, आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तो विचारून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

वयाचाही विचार करावा. पंचविशीच्या आत हाड काहीसे लवचीक असते, मुळे पूर्ण वाढलेली नसतात आणि जखम लवकर भरते. त्यामुळे दाढ काढणे ठरलेच असेल तर वर्षानुवर्षे पुढे ढकलण्यात लाभ नाही. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या तोंडावर न जाता सुट्टीत आठवडा मोकळा ठेवून ही शस्त्रक्रिया करावी.

ऐकीव गोष्टी आणि खरे काय

कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याचा आशय आपणा सर्वांना ठाऊक आहे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे म्हणून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. दाढेच्या बाबतीत हा उपदेश फार उपयोगी आहे.

दाढ काढली की नजर कमी होते, असे सांगणारे लोक गावात आहेत तसे शहरातही आहेत. डोळ्यांची दृष्टी वाहून नेणारी नस वेगळी आणि दातांची नस वेगळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. अक्कलदाढ काढली की अक्कल जाते, ही तर नावावरून निघालेली थट्टा आहे. सुजेवर बाहेरून गरम विटेचा शेक द्यावा, ही समजूत मात्र थट्टेची नाही, कारण जंतुसंसर्ग असताना असा शेक दिल्याने सूज वाढू शकते. दुखऱ्या दाढेवर तंबाखूची चिमूट किंवा मिश्री धरल्याने क्षणभर बधिरपणा येईल, पण रोग तसाच राहील आणि व्यसन मात्र जडेल. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास हिरडी भाजून निघते.

शस्त्रक्रियेपूर्वी सांगावयाच्या गोष्टी

मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, दमा, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, एखाद्या औषधाची ॲलर्जी, गर्भारपण, पूर्वी जखमेतून फार रक्त गेल्याचा अनुभव यांपैकी काहीही असेल तर ते आधीच सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. ज्यास हा आजार आहे त्याला थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग आणि मानसिक ताण यांमुळे तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी या चारही गोष्टी एकत्र येण्याची शक्यता असते. उपाशीपोटी, पाणी न पिता खुर्चीवर बसायचे आणि नंतर गालावर बर्फ लावायचा, हे अशा रुग्णास बाधू शकते. म्हणून सिकलसेलचा रुग्ण असो वा वाहक, त्याने आपले कार्ड किंवा तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखवावा. घरात कोणास हा आजार असेल आणि आपली तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. लग्न जुळताना कळेल म्हणून हा आजार लपवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. डॉक्टरांपासून तो लपवणे म्हणजे आपल्याच मुलाला धोक्यात लोटणे होय.

शस्त्रक्रिया कशी होते?

बहुतेक वेळा ही शस्त्रक्रिया जागेवरच भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. १८४४ साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि वेदनेविना दात काढता येतो हे अनुभवले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आज दंतवैद्य भुलेसाठी जे इंजेक्शन देतात त्यात बहुधा तेच असते. इंजेक्शन जबड्याच्या मागे आतल्या बाजूला देतात. थोड्या वेळाने अर्धा ओठ, अर्धी जीभ जड होते. त्यानंतर दाब जाणवतो, आवाज ऐकू येतो, पण दुखत नाही. दुखलेच तर हात वर करावा. डॉक्टर थांबून आणखी भूल देतात.

मग हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात. दाढेवरचे थोडे हाड बारीक यंत्राने कोरतात. यंत्राच्या घर्षणाने हाड तापून खराब होऊ नये म्हणून सतत सलाइनचे पाणी सोडतात. दाढ अखंड निघत नसेल तर तिचे दोन तीन तुकडे करतात, म्हणजे हाड कमी कोरावे लागते. तुकडे उचकटून काढल्यावर खड्डा स्वच्छ धुतात, हिरडी जागेवर आणून टाके घालतात आणि त्यावर कापडी बोळा देऊन दात मिटायला सांगतात. दाढ किती अवघड आहे त्यावर वेळ अवलंबून असतो, साधारणपणे अर्धा पाऊण तास.

डॉक्टरांचे काम येथे बहुतांशी संपते. पुढचे काम रुग्णाचे असते, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

रुग्णाचे पाच गुण

विनयपिटकातील महावग्गात चीवरक्खन्धक नावाचा भाग आहे. त्यात वैद्य जीवकाची एक कथा येते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जीवकाने त्याला विचारले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने निजून राहशील काय? श्रेष्ठीने होकार दिला. शस्त्रक्रियेनंतर मात्र प्रत्येक बाजूला सात दिवस झाले की तो कंटाळून गयावया करू लागला. जीवकाने तीन आठवड्यांनी त्याला उठवले आणि सांगितले की तू तीन आठवड्यांत बरा होशील हे मला ठाऊक होते, महिने सांगितले नसते तर तू तेवढे दिवसही निजला नसतास. रुग्णाच्या सहकार्यावाचून शस्त्रक्रिया पुरी होत नाही, हे त्या वैद्याने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

त्याच भागात पुढे, आजारी भिक्षूची स्वतः सेवा केल्यानंतर, भगवंतांनी कोणता रुग्ण शुश्रूषेस सोपा असतो हे सांगताना त्याचे पाच गुण सांगितले आहेत. आम्हांला ते अक्कलदाढेच्या रुग्णास तंतोतंत लागू पडतात असे वाटते.

पहिला गुण, जे हितकर आहे ते करणे. कापडी बोळा अर्धा ते एक तास घट्ट दाबून धरावा. जखमेत रक्ताची जी गाठ बनते तीच नैसर्गिक मलमपट्टी होय. ती सुटू नये म्हणून पहिले २४ तास थुंकणे, खळखळून चूळ भरणे, नळीने शीतपेय ओढणे टाळावे. तंबाखू आणि विडी सिगारेट तर अजिबात नको. थुंकीला गुलाबी रंग दिसल्यास घाबरू नये, ती गिळून टाकावी. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा व चावण्याचे अन्न टाळावे, नाहीतर ओठ चावला गेल्याचे कळतही नाही. पहिल्या दिवशी थंड वा कोमट दूधभात, दहीभात, पातळ वरण, पेज, आंबील घ्यावी. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात.

दुसरा गुण, हिताच्या गोष्टीतही प्रमाण जाणणे. गालावर बाहेरून बर्फ लावावा, पण फडक्यात गुंडाळून, पंधरा वीस मिनिटे लावून तेवढाच वेळ थांबून, आणि फक्त पहिला दीड दोन दिवस. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चांगल्या, पण २४ तासांनंतर, जेवणानंतर आणि हळुवार. विश्रांती घ्यावी, पण तोंड मिटून आठवडा काढू नये. चार दिवसांनी थोडे थोडे तोंड उघडण्याचा सराव करावा. दात घासणे बंद करू नये, जखम सोडून बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने घासावेत. चुल्लवग्गात दंतकाष्ठाची अनुज्ञा देताना भगवंतांनी मुखदुर्गंधी जाणे, अन्नाला रुची येणे हे लाभ सांगितले आहेत. मुखशुद्धी हा आपल्या परंपरेतलाच भाग आहे.

तिसरा गुण, औषध घेणे. वेदनाशामकाची पहिली गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भूल उतरण्याआधी घेतली तर ठणका आटोक्यात राहतो. जंतुनाशक औषध दिले असेल तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. या दिवसांत पौर्णिमा आली आणि उपोसथाचा नियम असला, तर तो पुढच्या पौर्णिमेस पाळावा. विनयातही आजारी भिक्षूला मध्यान्हीनंतर तूप, तेल, मध यांसारखी औषधे घेण्याची मुभा दिलेली आहे. मद्यपानाबद्दल तर सांगणे नलगे. जखम भरण्यास ते मारक आहे, काही जंतुनाशक औषधांसोबत ते घेण्यास डॉक्टर सक्त मनाई करतात, आणि आपण पंचशील घेतलेले लोक आहोत.

चौथा गुण, दुखणे जसे आहे तसे सांगणे. वाढत असेल तर वाढते आहे, कमी होत असेल तर कमी होते आहे, तसेच असेल तर तसेच आहे. हा गुण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. सूज दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर ओसरू लागते. गालावर, मानेवर निळसर पिवळा डाग पडतो तोही जातो. हा क्रम ठाऊक असला की तो कुठे बिघडला ते कळते. दुखणे कमी होत होत तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक वाढले, कानापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास आला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडले असे समजावे. तंबाखू ओढणाऱ्यांत हे अधिक होते. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बराच आराम पडतो. अर्धा तास बोळा दाबूनही रक्त न थांबणे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढणे, ताप, पू, गिळण्यास किंवा श्वासास अडचण, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असणे यांपैकी काहीही झाले तर लगेच कळवावे. डॉक्टर रागावतील, पुन्हा पैसे मागतील, या संकोचाने गप्प राहणारे रुग्ण पुष्कळ असतात. आम्हीही चौथ्या दिवशी कळ सुटल्यावर गेलो होतो आणि दहा मिनिटांत काम झाले होते.

पाचवा गुण, वेदना सहन करण्याची शक्ती. याचा अर्थ गोळी न घेता दात ओठ खाऊन बसणे असा नव्हे. तसे असते तर औषध घेणे हा गुण सांगितलाच नसता. औषध घेऊनही जी थोडी वेदना, सूज आणि अडचण उरते, ती आहे, ती अनित्य आहे, उद्या कमी होईल, हे जाणून धीर न सोडणे म्हणजे सहनशक्ती. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, काही टाके आपोआप विरघळतात. तोंड उघडणे आठवडा दहा दिवसांत सुधारते. हिरडी दोन तीन आठवड्यांत मिटते. आतला हाडाचा खड्डा पूर्ण भरायला मात्र काही महिने लागतात. त्यात अन्न अडकते म्हणून काडी घालून उकरू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, हित अहित कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये आणि चार चांगल्या शब्दांनी रुग्णाला धीर द्यावा. घरच्या माणसांनी यापेक्षा वेगळे काय करावयाचे असते? सोबत जावे, चिठ्ठी नीट वाचून गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात, मऊ अन्न करावे. आणि घरातील स्त्रीची दाढ काढली असेल तर त्याच संध्याकाळी तिला चुलीपुढे उभे करू नये. आपल्या घरांत पुरुष रुग्ण असला की सारे घर हळू बोलते, आणि स्त्री रुग्ण असली की ती गाल बांधून भाकऱ्या थापते. हे बदलले पाहिजे.

मंडळास विनंती

पैशाअभावी हे काम टाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे मुखशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो आणि खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च फारच कमी येतो. रांग असते, एकापेक्षा अधिक खेपा घालाव्या लागतात, आणि रोजंदारीवर असणाऱ्यास एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. येथेच मंडळाचे काम आहे. मंडळाने वर्षातून एकदा दंततपासणी शिबिर घ्यावे. महाविद्यालयात नोकरी करणारे किंवा शिकणारे आपले बंधूभगिनी आहेत त्यांनी नवख्या रुग्णाला कोणत्या खिडकीवर कागद काढावा एवढे दाखवावे. अभ्यासिकेतील जो विद्यार्थी गाल धरून बसलेला दिसेल त्याला गोळी आणून देण्याऐवजी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे.

आजारी माणसाची सेवा हीच आपली सेवा होय, असे भगवंतांनी संघाला बजावले आहे. बुद्धविहारात मेणबत्ती लावून आपण त्या शास्त्याला वंदन करतो. शेजारच्या रुग्णाला त्याच्या दुखण्याची खरी माहिती देणे आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्याला सोबत करणे, हेही वंदनच आहे असे आम्ही मानतो.

जयभीम.